पाकिटातले मत

आमच्या शेजारी एक काका राहतात. वय ऐंशीच्या घरात. इंदूरच्या एका कापडगिरणीत साचे चालविण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. गिरणी बंद पडली, पण त्यांची युनियनची आवड बंद पडली नाही. संध्याकाळी ओट्यावर बसले की वर्तमानपत्रातली कामगारांविषयीची बातमी ते अजूनही मोठ्याने वाचून दाखवितात. परवा त्यांच्या नातवाने त्यांना कुठलीशी जुनी बातमी दाखविली आणि काका काठी टेकीत माझ्याकडे आले.

"गुरुजी, अमेरिकेत एका गोदामातल्या कामगारांनी युनियन हवी की नको म्हणून मतं दिली म्हणे. त्यांतली चारशेवर मतं पाकिटातून बाहेरच काढली नाहीत. मग घेतली कशाला?"

उत्तर तेव्हाच द्यायला हवे होते, पण मी "उद्या सांगतो" म्हणालो. आम्हा शिक्षकांचे ते जुने शस्त्र आहे. त्या रात्री थोडे वाचले, आणि मतपेटीजवळ बसून मी स्वतः काढलेले काही दिवसही आठवले. ते सारे वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने कामगारांस आपला प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडण्याची सोय करून दिली आणि अशा निवडणुका घेण्यासाठी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाची रचना केली. किमान तीस टक्के कामगारांचा पाठिंबा दाखविला की मंडळ निवडणूक घेते. मालक मतदारांची यादी देतो. दोन्ही पक्षांचे निरीक्षक टेबलाशी बसतात. यादीत नाव असलेला मनुष्य आला तरी निरीक्षकास वाटले की हा मतदार नव्हे, तर तो कारण देऊन हरकत घेऊ शकतो. हा मुकादम आहे, मुकादमास मत नाही. ही बाई महिन्यापूर्वीच काम सोडून गेली. हा दुसऱ्या खात्यातला. यादीत नावच नसेल, तर मंडळाचा अधिकारी स्वतःच हरकत नोंदवितो. युनियनचे काम केले म्हणून आपल्याला काढले असे म्हणणारा आणि त्याविषयी तक्रार दाखल असलेला कामगारही असाच हरकतीखाली मत देतो, आणि तक्रारीचा निकाल काय लागतो यावर त्याच्या चिठ्ठीचे भवितव्य ठरते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अशा मनुष्यास दारातून परत पाठवीत नाहीत. तोही आडोशाला जाऊन इतरांसारखीच खूण करतो. फक्त त्याची चिठ्ठी एका वेगळ्या पाकिटात घालून बंद करतात आणि पाकिटावर त्याचे नाव व हरकतीचे कारण लिहितात. वाद मागाहून, मत आधी.

मला हे फार बरे वाटले. त्याचे कारण अनुभवाचे आहे. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या मतदानात एखाद्याच्या ओळखीविषयी हरकत घ्यायची, तर प्रतिनिधीने दोन रुपये अनामत भरायचे आणि केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय द्यायचा, असा १९६१ च्या नियमांचा दंडक आहे. मी अनेकदा केंद्राध्यक्ष होतो. बाहेर उन्हात रांग तिष्ठते आहे, आत दोन पक्षांचे प्रतिनिधी एकमेकांवर गुरगुरताहेत, आणि मधे एक घाबरलेला मनुष्य आपल्या बापाचे नाव सांगतो आहे. अशा पाच मिनिटांत मी जे निर्णय दिले, ते सगळे बरोबर होते असे मी शपथेवर सांगणार नाही.

आपल्याकडेही पाकीट आहे, पण ते निराळ्या प्रसंगी. देवासकडच्या एका खेड्यात माझे केंद्र होते. दुपारी एक म्हातारी बाई आली. तिच्या नावापुढे मत दिल्याची खूण आधीच झालेली! कोणीतरी तिच्या नावावर मत देऊन गेले होते. तिची उत्तरे तपासली. ती खरीच मतदार होती. नियमाप्रमाणे अशा मतदारास यंत्राचे बटण दाबू देत नाहीत. त्याला कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. त्याला प्रदत्त मत म्हणतात, आणि मोजणीच्या वेळी ते पाकीट उघडीत नाहीत. बाईने शिक्का मारला, अंगठा दिला आणि मला विचारले, "सगळ्यांना मशीन, मग मलाच कागद का?" मी तिला समजावले. पण हा कागद मोजला जाणार नाही, एवढे एक वाक्य मात्र माझ्या तोंडून निघाले नाही. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघाचा निकाल अवघ्या एका मताने लागला व प्रदत्त मतांचा विषय थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा ती बाई मला पुन्हा आठवली होती.

अमेरिकेतील हरकतीचे पाकीट उघडायचे की नाही, हे गणितावर ठरते. समजा, युनियनच्या बाजूने ५२, विरुद्ध ४७ आणि हरकतीची ४ मते आहेत. चारही विरुद्ध गेली तरी ५२ ला ५१. निकाल बदलत नाही. मग ती चार पाकिटे कोणी उघडीत नाही आणि ते चौघे खरे मतदार होते की नव्हते, हा प्रश्नही कोणी सोडवीत बसत नाही. हरकतीची मते पाच असती, तर बरोबरी झाली असती; आणि बरोबरीत युनियन हरते, कारण तिला निम्म्याहून अधिक मते हवीत. म्हणून पाच असली की चौकशी आली. आकडे उलटे करा. युनियनला ४७, विरुद्ध ५२. आता पाच हरकती पुरत नाहीत. पाचही युनियनला मिळाली तरी बरोबरी, म्हणजे हारच. आता सहा लागतात. आमच्या नववीच्या मुलांना हे उदाहरण घालून पाहिले. निम्मी मुले या उलट्या बाजूलाच अडखळली.

चौकशी करायची ठरली की मंडळाचा प्रादेशिक संचालक तपास करतो, गरज पडल्यास सुनावणी होते, हजेरीपत्रके व पगाराचे कागद पाहतात, साक्षी होतात. ज्यांच्यावरील हरकत टिकत नाही त्यांची पाकिटे उघडतात, आणि तीही एकेक करून वाचीत नाहीत. नाव वेगळे करून आतल्या चिठ्ठ्या एकत्र मिसळतात, मग मोजतात. उघडण्याजोगे पाकीट एकच उरले, तर मात्र त्या माणसाचे मत सर्वांना कळते. पाकिटे शक्यतो न उघडण्यामागे कामाचा आळस नाही, ही भीती आहे. उद्या ज्याला त्याच मुकादमाच्या हाताखाली उभे राहायचे, त्याच्यासाठी गुप्तता हा पुस्तकी शब्द नव्हे.

आणि हरकत घ्यायची ती चिठ्ठी पेटीत पडण्यापूर्वीच. पेटीत पडून इतर चिठ्ठ्यांत मिसळली की ती कोणाची, हे सांगता येत नाही. मतमोजणी झाल्यावर हरलेला पक्ष "अमका मतदारच नव्हता" म्हणू लागला, तर त्यास अंत राहणार नाही. मंडळाचा हा दंडक १९४६ साली ए. जे. टॉवर कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरला.

मतदार कोण, हा वाद तिथेही राजकारणातून सुटलेला नाही. संपावर गेलेल्या ज्या कामगारांच्या जागी कायमची नवी माणसे घेतली गेली, त्यांचे मत १९४७ च्या दुरुस्तीने गेले आणि १९५९ च्या दुरुस्तीने बारा महिन्यांच्या मुदतीपुरते परत आले. चिठ्ठीवरची खूण कशी वाचावी, हाही वाद आहेच. हो आणि नको, दोन्ही चौकटींत खूण असलेल्या चिठ्ठीतून मतदाराचा हेतू शोधण्याचा प्रयत्न पूर्वी होत असे. २०२० साली पोर्टलंडच्या एका रुग्णालयाच्या प्रकरणात मंडळाने ठरविले की दोन्हीकडे खूण असेल तर चिठ्ठी बादच. चूक झाली तर दुसरी चिठ्ठी मागून घ्यावी. परीक्षकाच्या खुर्चीतून मला हे पटते. खोडलेल्या उत्तरातून विद्यार्थ्याच्या मनात काय होते ते ओळखू लागलो की दोन परीक्षकांचे कधी जमत नाही.

आता काकांचे गोदाम. ते अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहराजवळच्या बेसेमर गावी. मालक अ‍ॅमेझॉन कंपनी. २०२१ च्या आरंभी तेथे टपालाने मतदान झाले. टपालाच्या मतदानात चिठ्ठी आतल्या पाकिटात आणि नाव व सही बाहेरच्या पाकिटावर असते. मोजणीपूर्वी एकेक नाव पुकारतात आणि हरकत येताच ते पाकीट बाजूला जाते. त्या वेळी युनियनला ७३८ व विरुद्ध १,७९८ मते पडली. हरकतीची पाकिटे पाचशेच्या आसपास होती, पण फरक हजारावर होता, म्हणून ती बंदच राहिली. पुढे कंपनीच्या आग्रहावरून गोदामाच्या आवारात बसविलेल्या टपालपेटीवरून तक्रार झाली. मालकाच्या नजरेखाली मत टाकतो आहोत असा समज व्हावा, अशी ती पेटी असल्याचे ठरले व नोव्हेंबर २०२१ मध्ये फेरनिवडणुकीचा हुकूम झाला.

दुसरे मतदान फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये झाले. ३१ मार्चला आकडे आले: युनियनच्या बाजूने ८७५, विरुद्ध ९९३, हरकतीची ४१६. फरक ११८ चा. आता पाकिटांना महत्त्व आले. निकाल टांगणीला लागला, दोन्हीकडून आक्षेप दाखल झाले, तक्रारी व सुनावण्या सुरू झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळाने, मंडळाच्या प्रशासकीय न्यायाधीशाने कंपनीचे वर्तन बेकायदेशीर ठरवून तिसऱ्या निवडणुकीचा हुकूम दिला. कंपनीस तो मान्य नव्हता. अपील करू, असे तिने सांगितले. अपील ऐकावयाचे ते मंडळाने, आणि २०२५ च्या जानेवारीत एका सदस्येस दूर करण्यात आल्यावर मंडळाची गणसंख्याच उरली नाही. त्या वर्षाचा बहुतेक काळ तसाच गेला.

दारात कोणाचा अपमान न करता वाद पुढे ढकलण्याची जी पद्धत मला आवडली होती, तिची ही दुसरी बाजू. पुढे ढकलणे सोपे असते. ज्याला वेळ परवडतो त्याच्या हाती हरकत हे एक हत्यार होते, आणि वेळ कोणाला परवडतो ते सांगावयास नको. चौकशीला दिवसांची मर्यादा नसेल तर पाकीट शिष्टाचाराने ठेवले काय आणि कपटाने ठेवले काय, आतल्या माणसाला सारखेच.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सगळे सांगितले. चारशे सोळांचा आकडा त्यांनी पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "आमच्याकडे पाकिटाचा प्रश्नच नव्हता, गुरुजी. आम्ही पावत्या मोजायचो, मतं नाही." ते खरे आहे. मध्य प्रदेशच्या १९६० च्या आणि त्यापूर्वीच्या मुंबईच्या १९४६ च्या कायद्यात प्रतिनिधी युनियन ठरे ती सभासदांच्या संख्येवर. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचे गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तरी कायद्याच्या वहीत प्रतिनिधी म्हणून नाव होते ते राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे. कामगारांना हवे कोण हे मतपेटीने विचारण्याची वाटच त्या कायद्यात नव्हती. पुढे १९९५ साली अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुप्त मतदानाची रीत आखून दिली. रेल्वेत २००७, २०१३ व २०२४ साली अशी मतदाने झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीची एकमेव युनियन होण्यास हजेरीपटावरील एक्कावन टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. म्हणजे हजेरीपटावर नाव कोणाचे, हा वाद आता आपल्या दारीही येणार.

काका बराच वेळ गप्प होते. मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, "गुरुजी, मत दिलं बावीस साली, हुकूम झाला चोवीसच्या अखेरीला. गोदामातल्या हमालीवर एवढी वर्षं टिकतं कोण?"