टर्बोचा नाद करा, पण दुसऱ्या वर्षाचा हिशेब मांडून

तुमच्या कट्ट्यावर असा एकजण नक्की असणार. लेक्चरला मागच्या बाकावर बसून मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघतोय. ‘भावा, नव्या साध्या हॅचबॅकच्या निम्म्या पैशात टर्बो मिळतीया. नाद खुळा!’ असं दिवसातून चारदा सांगतोय. घरचे म्हणतात, पोरगं वाया गेलं. मित्र म्हणतात, घेऊन टाक. आणि तो एकजण कदाचित तुम्हीच असाल.

मग खरंच घ्यावी का? माझं मत आधीच सांगून टाकते. गाडी घेण्यात वेडेपणा नाही. वेडेपणा आहे तो फक्त खरेदीची किंमत बघून गाडी घेण्यात.

आधी गाड्यांबद्दल. आपल्याकडे सर्वसामान्यांना झेपेल अशी पेट्रोल टर्बो गाडी फार उशिरा आली. २००४ मध्ये स्कोडानं ऑक्टाव्हिया आरएस आणली, १.८ लिटर टर्बो आणि १५० हॉर्सपॉवर. तेव्हा आपल्यातले बरेचजण दुपट्यात होते. पुढं २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय निघाली. २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो आली. १४५ हॉर्सपॉवरची ही हॅचबॅक पुण्याजवळच्या रांजणगावात तयार व्हायची आणि तिची शोरूम किंमत दहा लाखांच्या आत होती. मग मारुतीची बलेनो आरएस आणि टाटाच्या टियागो-टिगोर जेटीपी आल्या, पण २०२० पर्यंत दोन्हींचं दुकान बंद झालं. फियाटनंही २०१९ मध्ये इथला गाशा गुंडाळला. पोलो २०२२ मध्ये थांबली.

म्हणजे ज्या गाड्यांवर आपला जीव जडलाय, त्यातली जवळपास एकही आज नवी मिळत नाही. त्यामुळेच त्या स्वस्त वाटतात आणि त्यामुळेच त्या महाग पडू शकतात. हा गुंता नीट समजून घेतला तर निम्मा निर्णय तिथंच होतो.

टर्बो म्हणजे नेमकं काय?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून फुकट जातो. टर्बोत तो एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं आणि ताकदही जास्त मिळते. लहान इंजिन मोठ्यासारखं पळतं ते यामुळे. ‘जाळ आणि धूर संगटच’ म्हणतो ना आपण, टर्बो अक्षरशः तेच वापरून चालतो.

पण तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि फिरतो तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल जुनं, काळं किंवा कमी असेल तर पहिला मार टर्बोला बसतो. जोरात पळवलेली गाडी थांबल्या थांबल्या बंद केली तर तापलेल्या टर्बोतलं ऑइल तिथंच करपू शकतं. म्हणून आधीच्या मालकानं गाडी किती किलोमीटर चालवली यापेक्षा कशी चालवली आणि ऑइल कधी बदललं, हे प्रश्न मोठे. सर्व्हिसची बिलं दाखवता न येणाऱ्या मालकाची चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि प्रत्येक बिल जपून ठेवणाऱ्याची ऐंशी हजार चाललेली गाडी, यात मी दुसरी बघायला जाईन.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं उद्यमनगर आहे की! खरंय. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काय तयार होत नाही असं विचारावं लागतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत देशभरातल्या गाड्यांचं कास्टिंग ओतलं जातं. टर्बोही आपल्या मिस्त्रींना नवा नाही, कारण ट्रकपासून डिझेल स्विफ्टपर्यंत सगळीकडं तो असतो. पण दोन फरक लक्षात घ्या. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, त्यामुळे तिथं चलता है चालत नाही. दुसरं म्हणजे या गाड्यांचं अर्धं दुखणं लोखंडात नसून इलेक्ट्रॉनिक्समध्ये असतं. बुश लेथवर करून मिळेल, पण सेन्सर किंवा गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट लेथवर होत नाही. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी घ्या. कोरड्या क्लचच्या या गिअरबॉक्सचा ‘मेकॅट्रॉनिक’ भाग बिघडला तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. असा भाग कुठून मिळतो आणि तो बसवणारा माणूस कोल्हापुरात आहे की पुण्याला गाडी न्यावी लागेल, याचं उत्तर टोकन देण्याआधी हवं.

चार लाखांची गाडी चार लाखांची नसते

समजा, गाडी चार लाखांना ठरली आणि सगळे पैसे कर्जाचे आहेत. जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं. १४ टक्के धरला आणि मुदत चार वर्षं, तर हप्ता साधारण १०,९०० रुपये बसतो. चार वर्षांत सव्वापाच लाख भरले जातात. महिन्याला आठशे किलोमीटर फिरलात आणि मौजेत चालवताना दहाचं मायलेज पडलं, तर ऐंशी लिटर पेट्रोल. लिटरचा दर शंभराच्या वर आहे, तेव्हा आठ हजार तिथं गेले. टायर, विमा, सर्व्हिस अजून बाजूलाच आहेत. पहिली नोकरी पंचवीस हजारांची असेल तर जगायचं कशावर?

त्यात आता इथेनॉलची भर. आपल्याच भागातल्या उसापासून झालेलं इथेनॉल आपल्याच पंपावर ई-२० म्हणून टाकीत पडतंय. शेतकऱ्याच्या पोराला याचा आनंद असणारच, मलाही आहे. पण २०१५-१६ ची गाडी वीस टक्के इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडं उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा काही जुन्या चारचाकींसाठी ही घट सहा-सात टक्के धरली होती. ऑक्टेन वाढतो, हे टर्बोच्या फायद्याचं आहे. मात्र जुने रबरी पाइप, सील आणि फ्युएल पंप तपासून घ्यायला हवेत. घाबरायचं कारण नाही, खर्चाच्या वहीत एक ओळ वाढवायची.

जुन्या गाडीचं प्रेम काय असतं हे कोल्हापूरला शिकवायची गरज नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा अख्खं गाव मान वळवून बघतं. पण ती इतकी वर्षं टिकली ती कोणीतरी सतत जपली म्हणून. जुनी गाडी ठेवायची म्हणजे ती जपायची ऐपत आधी ठेवायची.

कागद आधी, टेस्ट ड्राइव्ह नंतर

आपण सीमेवरचे लोक. निपाणी-बेळगावची केए पासिंगची गाडी चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त दिसते. पण ती इथं आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स नव्यानं भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई कुठल्या कुठं जाते. एमएच १२ किंवा १४ ची पुण्याची गाडी असेल तर प्रकरण सोपं. तरी फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी आपल्या नावावर करणं, आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी घेऊन बोजा उतरवणं, थकलेली ई-चलनं तपासणं आणि विमा आपल्या नावावर करून घेणं, ही चार कामं टाळू नका. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावं लागतं. त्याची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. म्हणून २००४-०५ ची ऑक्टाव्हिया आरएस ही आता संग्रह करणाऱ्यांची गाडी आहे. कॉलेजला जायची नाही.

आणखी एक विचारा, गाडी ‘रीमॅप’ केली आहे का? कॉम्प्युटरवर सेटिंग बदलून ताकद वाढवायची फॅशन या गाड्यांत जोरात आहे. विकणारा ते कौतुकानं सांगतो. पण त्यामुळे क्लच, गिअरबॉक्स, टर्बो सगळ्यांवर कंपनीनं न धरलेला ताण येतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल उद्या क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. माझा सल्ला असा की कंपनीच्या सेटिंगवरचीच गाडी शोधा.

गाडी बघायला गेलात की मालकाला आधीच सांगा, इंजिन गार ठेवा. पहिल्या स्टार्टला मागून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. एक्सलेटर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज येणं वेगळं आणि खरखर येणं वेगळं. चढावर ताकद अचानक तुटत असेल तर कुठंतरी दाब गळतोय. स्कॅनर लावून एरर कोड बघा. आणि सोबत मित्र नको, मिस्त्री न्या. मित्र ‘घे’च म्हणणार.

आणि रस्ता?

हा मुद्दा कुणालाच आवडत नाही, पण खरी जोखीम इथं आहे. पैसे बुडाले तर दोन-तीन वर्षांत भरून निघतात. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात डायव्हर्जन कुठं येईल सांगता येत नाही. गगनबावड्याच्या घाटात धुकं, आंबा घाटात वळणं, शहरात खड्डे. दीडशे हॉर्सपॉवर उघडायला जागाच कुठाय? आणि सात-आठ वर्षांपूर्वीचे टायर, जुने ब्रेक पॅड घेऊन ती ताकद वापरणं म्हणजे स्वतःच्याच नाही, समोरून स्प्लेंडरवर येणाऱ्या कुणा काकांच्याही जिवाशी खेळ. म्हणून गाडी घेतल्यावर पहिला खर्च म्युझिक सिस्टीमवर नको, टायर आणि ब्रेकवर करा.

वेगाची हौस खरी असेल तर तिला आपल्याकडं वाट आहे. गो-कार्टिंगचं वेड या गावाला जुनंच आहे. इथल्या ध्रुव मोहितेनं फोक्सवॅगनच्या कप रेसिंगमध्ये नाव काढलं, कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-३ पर्यंत गेला. इंजिनिअरिंगला असाल तर फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधता येते. तिथं हात काळे केलेल्या पोरा-पोरींना कुठलाही दलाल सहज गंडवू शकत नाही. हो, पोरींनाही. हा नाद फक्त मुलांचा आहे हे कुणी ठरवलं?

मग निर्णय काय? माझे तीन निकष आहेत. एक, हप्ता तुमच्या स्वतःच्या कमाईतून जायला हवा, बाबांच्या पीएफमधून किंवा आईच्या सोन्यावर नाही. दोन, गाडीच्या किमतीच्या किमान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी पडून असावी. चार लाखांची गाडी घ्यायची तर हातात साडेपाच असू देत. तीन, ती महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तरी तुमचं कॉलेज किंवा नोकरी अडायला नको. म्हणजे घरात दुसरी गाडी असावी, नाहीतर केएमटीचा पास.

तिन्हींना ‘हो’ असेल तर बिनधास्त घ्या. कुणी वेडं म्हटलं तर म्हणू द्या. सात वर्षांच्या कर्जावर शेजाऱ्याला दाखवायला नवी एसयूव्ही घेण्यापेक्षा हे मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं, कारण यातून तुम्ही निदान यंत्र समजून घ्याल. पण एकालाही ‘नाही’ असेल तर आज थांबा. दर महिन्याला हप्त्याएवढे पैसे बाजूला टाकायला सुरुवात करा. सहा महिने हे जमलं तर गाडी झेपेल, तिसऱ्याच महिन्यात मोडले तर उत्तर फुकटात मिळालं. या गाड्यांच्या जाहिराती तेव्हाही येत असतील. त्या बघताना तुमच्या हातात पैसे असतील आणि विचारायला प्रश्नही.