हातचा कुठे गेला?

दोन आकडी बेरजेत एककाची बेरीज नऊच्या वर गेली की हातचा एक येतो. तो मनात धरायचा, दशकाचे आकडे मिळवायचे आणि शेवटी त्याला विसरायचे नाही. बेरीज येते, पाढे पाठ आहेत, तरी हातचा दर वेळी निसटतो, अशी मुले बहुतेक वर्गांत असतात. बाईंनी एका दमात तीन सूचना दिल्या तर त्यातली पहिलीच ती पाळतात. फळ्यावरचे अर्धे उतरवून होते तोवर उरलेले पुसले जाते. प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर तोंडातून बाहेर पडते. अशा मुलाला शाळा धांदरट म्हणते आणि प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा मारते. यातली काही मुले अपुऱ्या दिवसांची जन्मलेली असतात. शाळेच्या नोंदीत त्यांची जन्मतारीख असते. ती गर्भाच्या कितव्या आठवड्यात जन्मली, हे नसते. ही एक नोंद नवजात कक्षातल्या काचेच्या पेटीतून शाळेच्या बाकापर्यंत पोहोचली पाहिजे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यक अपुऱ्या दिवसांचे मानते. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यातली ३० लाख भारतात. जगात सर्वाधिक. गर्भातल्या शेवटच्या आठवड्यांत बाळ नुसते वजन वाढवत नसते. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या जेमतेम दोन तृतीयांश असते आणि मेंदूच्या भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या तंतूंची मोठी बांधणी तेव्हा सुरूच असते. मनात माहिती धरून ठेवणे, आलेली ऊर्मी आवरणे, एका कामातून दुसऱ्याकडे वळणे, पायऱ्या आखणे या क्षमतांना मानसशास्त्र ‘कार्यकारी क्षमता’ म्हणते. त्या मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात नसतात, या जोडणीवर चालतात. २००९ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी अनेक अभ्यासांतील, खूप आधी किंवा खूप कमी वजनाच्या जन्मलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. कार्यकारी क्षमतांत ही मुले पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरीने मागे होती, तशीच गणितात, वाचनात आणि शुद्धलेखनातही. आपल्याकडचा पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाच्या नवजात कक्षातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा कमी, पण सामान्य मर्यादेत होता. अडचण दिसली ती डोळा आणि हात यांच्या मेळात, वाचनात आणि गणितात. म्हणजे ज्याला आपण ‘मंद’ म्हणतो तसे हे मूल नसते, आणि म्हणूनच ते कोणाच्या नजरेत भरत नाही.

ते नजरेत न भरण्याचे दुसरे कारण वेळेचे आहे. बाळ पेटीतून बाहेर आल्यावर डॉक्टर डोळ्यांचा पडदा, कान, मान धरणे, बसणे, चालणे पाहतात. वर्ष-दोन वर्षांत सारे ठीक दिसले की फाइल बंद होते. पण दोन वर्षांच्या मुलाकडून नियोजनाची अपेक्षाच नसते. त्याच्या वतीने सगळे आई करते. कार्यकारी क्षमतांचा कस लागतो तो तिसरी-चौथीत, जेव्हा शाब्दिक उदाहरणे येतात, परिच्छेद लिहायचा असतो आणि दप्तर स्वतः भरायचे असते. उणीव तेव्हा जन्मत नाही, तेव्हा उघडी पडते. तोवर डॉक्टर चित्रात नसतात आणि शिक्षकांना पूर्वपीठिका ठाऊक नसते.

यावर पहिला आक्षेप असा की, यामुळे मुलावर जन्मभराचा शिक्का बसेल. भीती रास्त आहे. वरचे आकडे सरासरीचे आहेत. अपुऱ्या दिवसांची असंख्य मुले शाळेत कुठेही अडत नाहीत, आणि पस्तीस-छत्तीस आठवड्यांच्या बाळाचा धोका सव्वीस आठवड्यांच्या बाळापेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणून ही नोंद निदान म्हणून वापरू नये, पालकांच्या संमतीशिवाय मागू नये आणि तिच्या आधारे कोणाचा प्रवेश अडवू नये. पण आज त्या मुलावर शिक्का नाही, असे कोण म्हणेल? ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘बेशिस्त’ हे शिक्केच आहेत, आणि ते मुलाच्या स्वभावावर बसतात. आठवड्यांचा आकडा दोष मुलाच्या माथ्यावरून उतरवतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाने एकेकासाठी काय काय करायचे? उत्तर असे की करायच्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त आहेत. एका वेळी एकच सूचना द्यावी. उदाहरणाच्या पायऱ्या फळ्यावर राहू द्याव्यात. हातचा मनात न ठेवता चौकटीत लिहू द्यावा. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, लेखनाला थोडा जादा वेळ द्यावा. मनावरचे ओझे कागदावर उतरवणे, एवढेच यामागचे तत्त्व, आणि ते वर्गातल्या इतर मुलांच्याही उपयोगी पडते. याउलट जे उपाय पालकांना भुरळ घालतात, त्यांचा पुरावा कच्चा आहे. संगणकावरच्या खेळांनी स्मरणशक्तीला तालीम देण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात अतिशय आधी जन्मलेल्या मुलांवर काटेकोर चाचणी घेऊन झाला. शालेय प्रगतीत टिकाऊ फरक पडला नाही. मुलाला वर्षभर उशिरा शाळेत घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, पण जर्मनीतील बव्हेरियाच्या अभ्यासात त्यातून फायदा दिसला नाही. एक वर्ष थांबून अडचण आपोआप सरत नाही. शिकवण्याची पद्धत बदलावी लागते.

यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी करणे हे त्याचे काम, विकासातील विलंब हा त्याच्या ठरलेल्या विषयांपैकी एक, आणि त्याची फिरती पथके वर्षातून एकदा शाळेत येतातच. जन्माचे आठवडे आणि वजन नवजात कक्षाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. ते या पथकाच्या नोंदीत उतरावे, आणि बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांकडे पहिलीत आणि पुन्हा चौथीत मुद्दाम पाहावे. जोडीला शिक्षक प्रशिक्षणात या विषयाचा एक तास असावा. खर्च म्हणाल तर तो कागदाचा आणि लक्ष देण्याचा.

घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली आणि देशाने ती उचलली. जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात कक्ष झाले. पूर्वी हाती न लागणारी बाळे आज जगतात. एककाच्या घराचे उत्तर बरोबर आले आहे. पण त्या बेरजेतून जो हातचा आला, तो दशकाच्या घरात, म्हणजे शाळेत, मिळवायचा राहून गेला. चौथीतले मूल हातचा विसरले तर आपण त्याच्या वहीवर लाल रेघ ओढतो; तीच रेघ आधी आपल्या हिशेबावर ओढायला हवी.