कुसुंबी रंगाचे सोवळे

किल्लारी म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाटच आठवते. तेरणेकाठच्या या काळ्या जमिनीची रब्बीतील करडई मात्र फारशी कुणाला आठवत नाही. सोयाबीन-हरभऱ्याने तिला मागे रेटले. जी उरली तिचा भाव केवळ तेलावर ठरतो आणि पाकळ्या रानातच वाळून जातात. वास्तविक जुना कुसुंबी रंग या पाकळ्यांचाच!

वनस्पतिज रंगांवर रासायनिक संस्कार करून ते सुती कापडावर टिकाऊ करण्याचे प्रयत्न आज होत आहेत. ‘मग तो रंग नैसर्गिक कसला?’ असा आक्षेप काही मंडळी मोठ्या सोवळेपणाने घेतात. त्यांनी आपल्या रंगाऱ्याचे काम कधी पाहिले नसावे. सुताला रेशीम-लोकरीसारखी रंगाची ओढ नसते. म्हणून कापड आधी हिरड्याच्या काढ्यात, मग तुरटीच्या पाण्यात बुडवीत. तेव्हा कुठे मंजिष्ठेचा तांबडा धाग्याला धरून राही. कुसुंब्याची रीत आणखी नाजूक. थंड पाण्याने पाकळ्यांतील पिवळा धुऊन टाकायचा, क्षाराच्या पाण्यात तांबडा उतरवायचा आणि त्यात आंबट रस घालून तो धाग्यावर बसवायचा. हे रसायनशास्त्र नव्हे तर काय?

१८६९मध्ये जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत घडवल्याचे जाहीर केले, १८९७मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपले रंगारी मागे पडले. पुढे काही ॲझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४मध्ये आणि भारताने १९९७मध्ये त्यांवर बंदी घातली. वनस्पतिज रंगांची विचारपूस पुन्हा वाढली, ती ही अशी.

कुसुंब्याचे खरे दुखणे म्हणजे तो उन्हात विटतो. संशोधकांची बुद्धी तेथे खर्ची पडावी. मात्र क्रोमियमचे क्षार वापरून रंग पक्का करायचा आणि वर ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावायची, ही शुद्ध फसवणूक होय. कापडावर कोणता संस्कार झाला, हे गिऱ्हाइकाला छापील कळलेच पाहिजे.

आणि शेतकऱ्याचे काय? परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे काटेरहित वाणही दिले आहे. त्यामुळे हात रक्तबंबाळ न होता पाकळ्या वेचता येतात. फुले सुकू लागल्यावर वेचल्या तर दाण्यालाही बाधा येत नाही. वेचणीच्या मजुरीला परवडेल असा भाव देणारा खरेदीदार लातूरच्या बाजारात उभा राहिला, तरच किल्लारीचा शेतकरी पुन्हा करडई पेरील.