निर्मात्याचे यजमानपण

नटाचे नाव घरोघरी होते, दिग्दर्शकाच्या प्रतिभेवर प्रबंध लिहिले जातात, परंतु ज्याने भांडवल उभे केले, माणसे जमविली, त्यांच्या रुसव्याफुगव्यांसह त्यांना एकत्र राखले आणि अखेरीस देणेकऱ्यांच्या तगाद्याला एकट्याने तोंड दिले, तो निर्माता मात्र निव्वळ पैशाचा मनुष्य म्हणून बाजूस सारला जातो, ही कलाव्यवहारातील जुनी कृतघ्नता होय. यंदाच्या अंकाच्या आरंभी म्हणूनच एका निर्मात्याचे स्मरण करण्याचे योजिले आहे. इस्माईल मर्चंट यांचा जन्म १९३६ सालचा, मुंबईचा, कीर्ती अमेरिकेतली.

सेंट झेवियर्स महाविद्यालयातून बाहेर पडून ते न्यूयॉर्कला गेले ते व्यापारशास्त्र शिकण्यास. व्यापार मात्र त्यांनी चित्रपटांचा केला. १९६१ मध्ये जेम्स आयव्हरी या अमेरिकी दिग्दर्शकासह त्यांनी कंपनी स्थापिली आणि जर्मनीतून परागंदा होऊन पुढे दिल्लीस संसार थाटलेल्या रूथ प्रवर झाबवाला यांना त्यांच्याच कादंबरीची पटकथा लिहावयास लावली. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, एक ज्यू. आणि हे त्रिकूट चाळीस वर्षे अभंग राहिले. हिंदुस्थानात मिळविलेला नफा मायदेशी नेण्यावर सरकारी निर्बंध असल्यामुळे अमेरिकी चित्रपट कंपन्यांच्या मोठमोठ्या रकमा त्या काळी येथे अडकून पडल्या होत्या. धन्याला निरुपयोगी असलेला तो पैसा आपल्या उपयोगी आणण्याची तजवीज मर्चंट यांनी केली, आणि ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) हा त्यांचा पहिला कथापट कोलंबिया कंपनीने अशाच रुपयांत विकत घेतला. आमच्या मते ही बुद्धी एखाद्या उत्तम पटकथेहून उणी नव्हे.

पुढला ‘शेक्सपिअरवाला’ (१९६५), ज्याचे संगीत सत्यजित राय यांचे आणि ज्यातील भूमिकेसाठी मधुर जाफरी यांना बर्लिनमध्ये पारितोषिक मिळाले, तो उतरती कळा लागलेल्या एका फिरत्या नाटकमंडळीची कथा सांगतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या नाटकवेड्या मुलखातील, वाचकाला तो परका वाटू नये. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’ या त्यांच्या पुढच्या चित्रपटांना प्रत्येकी तीन ऑस्कर मिळाले. त्यांच्या चित्रपटांत सुंदर वाडे व सुंदर वस्त्रेच अधिक, अशी टीका झाली. ती सर्वस्वी खोटी नाही.

परंतु आम्हांस मोह पडतो तो त्यांच्या स्वयंपाकाचा. पैसा अपुरा, मानधन लांबलेले, कलावंत कुरकुरू लागलेले, अशा वेळी हे गृहस्थ स्वतः चुलीपाशी उभे राहत आणि चित्रीकरणाच्या साऱ्या गोतावळ्याला आपल्या हातचे मसालेदार जेवण वाढीत. त्यात लबाडीचा अंश नव्हता असे आम्ही म्हणणार नाही, कारण पंगत उठल्याने थकबाकी फिटत नाही. तथापि जेवलेली माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येत, हेही खरे. २००५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि दफन मुंबईत झाले.

झाडीपट्टीतल्या नाकाडोंगरीसारख्या गावच्या वाचकाने हे का वाचावे? दिवाळी सरली, धान कापणीला आले की आपल्या मुलखात मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस येतात. दंडार या लोकनाट्याचा ढोल वाजू लागतो, आणि गावचे मंडळ वडशाच्या नाटक कंपनीला इसार देऊन, शामियान्याचा बंदोबस्त करून, तिकीटविक्रीच्या भरवशावर रात्रभराचा खेळ अंगावर घेते. पाऊस आला तर खोट त्यांची. खेळ रंगला तर टाळ्या नटांच्या. शिवाय पाहुण्यांच्या पंगती उठवावयाच्या त्या त्यांच्याच घरच्या बायकांनी, ज्यांचे नाव कोणत्याही फलकावर नसते. या मंडळींना कोणी निर्माता म्हणत नाही, आणि त्यांनाही तसे कधी सुचलेले नाही.

तेव्हा यंदा मंडईला जाल तेव्हा तिकिटाच्या टेबलापाशी वही घेऊन बसलेल्या कारभाऱ्याकडे थोडे थांबा, आणि गेल्या साली खोट आली होती काय, ती कोठून भरून काढली, याची विचारपूस करा. जे कळेल ते आमच्याकडे लिहून पाठवावे. पुढील वर्षीच्या अंकात काही पृष्ठे त्यासाठी राखून ठेवीत आहोत.