माजघरातून : पुढचा भाग हवा की नको?

मैत्रिणींनो, भांडणे आपल्याला नवीन नाहीत. भाजीत गूळ घालावा की नाही यावरून भांडणारे घर आमचेच. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी जे भांडण झाले ते एका खेळावरून! तेही पत्ते, कॅरम नव्हे. टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम.

माझा धाकटा दीर पुण्याला नोकरी करतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो तिसरीत होता, त्यामुळे 'भाऊजी' हा शब्द तोंडातून निघतच नाही, अरे-तुरेच चालते. दिवाळीला तो आला तो बॅगेतून ते यंत्र घेऊनच. त्याच्या जोडीला त्याचा मावसभाऊ. मी स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होते आणि बाहेरच्या खोलीत दोघांचे आवाज चढलेले. मला वाटले, जमिनीच्या वाटणीवरून जुंपली की काय! झारा हातात घेऊनच बाहेर आले.

"वहिनी, तूच सांग," दीर म्हणाला, "ज्याच्यावर आपण जीव टाकला, त्याला पुढच्या भागात सुरुवातीलाच मारलं तर ती गोष्ट वाईट ठरते का?"

"वाईट नाही, फसवणूक आहे ही!" मावसभाऊ म्हणाला.

मी गॅस बंद केला आणि बसलेच. तुम्हीही बसा. गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फक्त एक सांगते, ज्यांना हा खेळ अजून खेळायचा असेल त्यांनी हे पान आज वाचू नये. शेवट सांगितल्याशिवाय हे भांडण कळायचे नाही.

खेळाचे नाव 'द लास्ट ऑफ अस'. नॉटी डॉग नावाच्या अमेरिकन कंपनीने तो २०१३ साली काढला. एका बुरशीची साथ येते आणि माणसे हिंस्र होतात. त्या पहिल्याच रात्री जोएल नावाच्या माणसाची लहान मुलगी त्याच्या हातांत प्राण सोडते. मग कथा वीस वर्षे पुढे जाते. दगड झालेल्या या माणसावर एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवायचे काम येते. तिला ही साथ बाधत नाही, म्हणून तिच्यापासून औषध होईल अशी आशा असते. वाटेत काय होणार ते आपण ओळखलेच असेल. तुटलेला बाप पुन्हा बाप होतो.

शेवटी इस्पितळात कळते की, औषधासाठी एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि ती त्यातून वाचणार नाही. तिला बेशुद्ध केलेले. कोणी तिला विचारलेलेही नाही. जोएल मग वाटेत येईल त्याला मारतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही, आणि तिला उचलून घेऊन जातो. ती शुद्धीवर आल्यावर खोटे सांगतो, 'तुझ्यासारखे पुष्कळ निघाले, उपयोग झाला नाही, त्यांनी नाद सोडला.' ती त्याला शपथ घालते. तो शपथ घेऊन पुन्हा तेच सांगतो. ती 'बरं' म्हणते. खेळ संपला.

"यापुढे काही नकोच होतं," मावसभाऊ म्हणाला. "तिला पटलं की नाही, हे आपण मनात घोळवत बसायचं. तेच सुंदर होतं."

पण सात वर्षांनी, जून २०२० मध्ये, दुसरा भाग आलाच. त्यात जोएल सुरुवातीलाच मारला जातो, तोही निर्घृणपणे, एलीच्या डोळ्यांदेखत. मारणारी अ‍ॅबी नावाची तरुण मुलगी, जिचा जीव त्याने काही वेळापूर्वीच वाचवलेला असतो! एली सूड घ्यायला सिएटल शहरात जाते. तिचे तीन दिवस आपण तिच्या बाजूने खेळतो. आणि दोघी समोरासमोर येतात त्याच क्षणी खेळ मागे जातो आणि तेच तीन दिवस आपल्याला अ‍ॅबी होऊन खेळावे लागतात. तिथे कळते की इस्पितळातला तो डॉक्टर तिचा बाप होता.

मावसभावाच्या तक्रारी मी एकेक करून ऐकल्या. पहिली, वीस वर्षे सावध राहिलेला माणूस अनोळखी लोकांच्या घोळक्यात आपले नाव सांगतो, हे पटत नाही. दुसरी, जाहिरातीच्या फितीत एका प्रसंगात जोएल दाखवला होता, प्रत्यक्ष खेळात तिथे दुसराच तरुण निघाला. गिऱ्हाइकाला असे फसवायचे? तिसरी, जिचा राग राग करतो तिच्याच हातांनी आम्हाला का खेळायला लावता? आणि चौथी, इतक्या जणांना मारून झाल्यावर शेवटी एली अ‍ॅबीलाच सोडून देते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

दीर म्हणाला, "अरे, त्याचसाठी! पहिल्या भागात त्या डॉक्टरला मारल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. बटण कोणी दाबलं? आपण. त्याला घर असेल, मुलगी असेल, असा विचार केला होता का आपण?"

हे मात्र मला पटले. पुस्तकात खलनायक खून करतो तेव्हा आपण अंग चोरून वाचू शकतो. खेळात हात आपलाच. दुसऱ्या भागात तर शत्रूच्या माणसांनाही नावे दिली आहेत. एक पडला की सोबती त्याच्या नावाने हाक मारतो. दिराने ते दाखवले तेव्हा माझ्या पोटात कालवले.

तुम्ही म्हणाल, काय ही पोरखेळाची चर्चा! पण बाहेर याहून मोठे रण माजले होते. पहिल्या तीन दिवसांत चाळीस लाखांवर प्रती खपल्या आणि त्याच वेळी हजारो लोकांनी शून्य गुण द्यायला सुरुवात केली. खेळ पुरा करायला पंचवीस तास लागतात आणि गुण पहिल्याच दिवशी! शेवटी गुण नोंदवून घेणाऱ्या 'मेटाक्रिटिक'ने नियम केला की, खेळ निघाल्यावर छत्तीस तास सामान्य लोकांचे मत घ्यायचेच नाही. अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आपल्याकडे निळू फुल्यांना खरोखरचा दुष्ट समजून बायका बोटे मोडायच्या, असे आपण ऐकत आलो. पण ती भाबडी माणसे होती. शिकलेल्या मुलांनी एका बाईला असे लिहावे? त्याच वर्षअखेर या खेळाला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. २०२५ मध्ये टीव्हीवरच्या मालिकेत जोएल गेला तेव्हा, ज्यांनी खेळ कधी हातात धरला नव्हता तेही हळहळले.

हे सारे नवे नाही हो. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले तेव्हा वाचक असेच खवळले होते. दहा वर्षांनी त्याला जिवंत करावे लागले. आणि आपल्या घरचेच पाहा ना. रामाचा राज्याभिषेक झाला की पुष्कळ जण रामायण तिथेच मिटतात. सीतेचा त्याग असलेले उत्तरकांड नंतर जोडलेले आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. पण आमची आजी ते सोडत नसे. ती म्हणायची, 'गोड घास झाला म्हणून ताटावरून उठायचं नसतं गं.'

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला होता. मी त्या दोघांना अश्वत्थाम्याची आठवण करून दिली. डोक्याला तेल लावताना आजी आधी थोडे थेंब जमिनीवर शिंपडायची, अश्वत्थाम्याच्या जखमेसाठी. लहानपणी मी विचारायची, एवढा दुष्ट, त्याला तेल कशाला? पण त्याची बाजू तरी काय होती? धर्मराजाच्या अर्ध्या खोट्यावर विसंबून त्याच्या बापाने शस्त्र खाली ठेवले आणि मारला गेला. सुडाने पेटलेल्या मुलाने रात्री झोपलेली द्रौपदीची पाच मुले कापली. भागवतात ती कथा पुढे येते. अर्जुन त्याला बांधून आणतो आणि द्रौपदी म्हणते, सोडा त्याला, त्याच्या आईने माझ्यासारखे रडू नये. पाच मुले गमावलेली बाई हे म्हणते! मग एलीने सोडले तर ते न पटण्यासारखे काय?

"पण वहिनी," मावसभाऊ म्हणाला, "द्रौपदीचं मन कसं वळलं ते त्या एका वाक्यात कळतं. इथे पंचवीस तास मारामारी करून शेवटच्या घटकेला वळतं. ते मला दिसलं नाही."

त्याचेही बरोबर होते. मी तसे कबूल केले. पुढचा भाग लिहिणाऱ्याने आपल्याला दुखवावे, पण दुखवण्याचा हिशेब चुकता करावा. या गोष्टीने तो चुकता केला की नाही, यावर त्या दोघांचे जमणार नाही आणि जमायला हवे असेही नाही.

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. मग दीर हळूच म्हणाला, "मला अ‍ॅबी-बिबीचं काही नाही. मला ते खोटंच लागतं. एलीला पुढे खरं कळतं ना, तेव्हा ती त्याच्याशी बोलणं टाकते. प्रेमानं सांगितलं म्हणून काय झालं? तिला कोणी विचारलं होतं?"

खोलीत एकदम शांत झाले. आमचे हे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायचा आवाज थांबला.

मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला हरकत नाही. सासरे गेले तेव्हा माझा हा दीर बारावीला होता. कर्करोग पोटात पसरला होता. आम्ही त्याला 'साधं ऑपरेशन आहे' एवढेच सांगितले. परीक्षेचे वर्ष, मुलगा खचेल, हा यांचा विचार. रोज रात्री त्याचा फोन यायचा आणि तो मी घ्यायची. 'बाबा बरे आहेत रे, आत्ताच झोपलेत.' हे वाक्य मी किती वेळा म्हटले, देव जाणे. शेवटचा पेपर देऊन तो इस्पितळात आला तेव्हा सासरे कोणाला ओळखत नव्हते. आठ दिवसांनी गेले. गुण चांगले मिळाले. त्या गोष्टीबद्दल घरात पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही.

"तुझी परीक्षा होती रे," हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"माहीत आहे, दादा," दीर म्हणाला. "पण मला विचारायचं तरी."

वडे त्या दिवशी गारच खाल्ले.

रात्री मावसभाऊ गेल्यावर दिराने दादाला बोलावले आणि खेळाचा अगदी शेवट लावून दाखवला. एली एकटी घरी परत येते. झटापटीत तिची दोन बोटे गेलेली. जोएलने शिकवलेली गिटार आता नीट वाजवता येत नाही. तेव्हा तिला त्याच्या मरणाच्या आदल्या रात्रीची आठवण येते. त्या रात्री तिने त्याला सांगितलेले असते की, क्षमा कदाचित कधीच जमणार नाही, पण प्रयत्न करून पाहायची इच्छा आहे. आणि दुसऱ्याच दिवशी तो जातो. हे चष्मा पुसत बघत राहिले. दोघे भाऊ काही बोलले नाहीत. पण बराच वेळ शेजारी बसून होते, आणि मी दिवा न लावता आत निघून गेले.

यावर उपदेश करायचा माझा विचार नाही. तरी दोन गोष्टी सांगतेच, कारण हे पान त्यासाठीच आहे. एक, हा खेळ अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. खूनखराबा फार. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला मी त्या दिवशी खोलीत फिरकू दिले नाही आणि तुम्हीही देऊ नका. वेष्टनावर वयाचा आकडा छापलेला असतो, विकत घेण्यापूर्वी तो पाहावा. दुसरी, घरातली मोठी मुले असले काही खेळत असतील तर 'बंद कर ते' म्हणण्याआधी एकदा शेजारी बसावे. गोष्ट काय आहे, तुला कोणाचे पटते, एवढे विचारावे. मनातले जे सरळ विचारता येत नाही ते अशा आडवाटेने बाहेर येते.

या फेब्रुवारीत सासूबाईंच्या छातीत दुखू लागले. डॉक्टर तपासण्या लिहून देत होते, तोच यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "त्याला लाव. आणि सगळं सांग. झोपली आहे वगैरे नको."

मी लावला. सगळे सांगितले. तो पलीकडे क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "निघतो, वहिनी."

सासूबाई आता बऱ्या आहेत. हे मात्र खरेखुरे सांगते आहे हं!