शेतावरच्या दुरुस्तीसाठी दाबयंत्र

ट्रॅक्टर, मळणीयंत्र वा पंपाचे बेअरिंग हातोड्याने ठोकून बसविण्याची चाल अद्याप गेलेली नाही. ठोक्यांमुळे कड्यांत खळगे पडतात आणि नवे बेअरिंग ऐन हंगामात आवाज करू लागते. जेथे अशी दुरुस्ती वरचेवर निघते, तेथे हातपंपाचा हायड्रॉलिक प्रेस असणे इष्ट होय.

मात्र खरेदीच्या वेळी बहुतेकांची दृष्टी टनांच्या आकड्यावरच खिळते. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ लहान दट्ट्याच्या वीसपट असल्यास जोरही वीसपट मिळतो. म्हणजे जोर निर्माण करणे सोपे, तो सोसणे हे सांगाड्याचे काम. स्वस्त यंत्रात काटकसर होते ती नेमकी तेथेच. पातळ चॅनेलच्या ५० टनी यंत्रापेक्षा जाड चॅनेलचे, सलग वेल्डिंगचे २० टनी यंत्र पत्करावे; शेतावरील बहुतेक कामांस ते पुरते. सोबत मिळणाऱ्या बिडाच्या ठोकळ्यांवर विसंबू नये. बीड वाकत नाही, एकाएकी फुटते आणि तुकडे अंगावर येतात. पोलादी ठोकळे निराळे करून घ्यावेत. शाफ्टवर बेअरिंग चढविताना दाब आतल्या कड्यावरच द्यावा.

एकट्यास किंमत झेपत नसल्यास तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून यंत्र घ्यावे. पण ते कोणाच्या छपरात राहील, हे आधी ठरवावे.