कळल्याचा दाखला

आमच्या रेणापुरात रहिवासाचा दाखला मिळतो, उत्पन्नाचा मिळतो, जातीचा मिळतो. हयातीचा तर दर नोव्हेंबरात आमच्याच बँकेत, माझ्याच काउंटरवर मिळतो. म्हातारा समोर उभा असतो, खोकत असतो, तरी आम्ही त्याच्याकडून तो जिवंत असल्याचं लिहून घेतो. पण संगीत 'कळल्याचा' दाखला कुठल्या कचेरीत मिळतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो नसल्यामुळे गेल्या महिन्यात माझा एक अर्ज नामंजूर झाला. त्याची ही कैफियत.

मुंबईचे मामा वारले तेव्हा मामेभावांनी फ्लॅट ठेवला आणि मला रेकॉर्डप्लेअर आणि तबकड्यांचं एक खोकं दिलं. वाटणी रास्त झाली असं माझं मत आहे. सौभाग्यवतींचं निराळं आहे. त्या खोक्यात एक तबकडी निघाली. एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराचा चेलो कॉन्चेर्टो. वाजवणारी जॅकलिन द्यू प्रे, साथीला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, आणि समोर छडी घेऊन जॉन बार्बिरोली. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये ऑगस्ट 1965 मध्ये भरलेली. चेलो म्हणजे पायांत धरून गजाने वाजवायचं, माणसाच्या गळ्यासारखं बोलणारं चार तारांचं वाद्य. अर्ध्या तासाचं काम. मी ती एकदा लावली, आणि पुढचे आठ दिवस बँकेत माझी रोकड जुळताना मन दुसरीकडे होतं. (रोकड जुळत होती, हे साहेबांसाठी सांगून ठेवतो.)

म्हणून मी गावातल्या एका संस्थेला अर्ज केला, की एखाद्या रविवारी संध्याकाळी सभागृहात ही तबकडी लोकांना ऐकवू द्यावी. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण मला वाचायची पुस्तकं तिथूनच आणायची आहेत.

पहिला घोळ नावाचाच झाला. अर्जात 'एल्गार' वाचून चिटणीस दचकले. "मोर्चा आहे का? मग पोलीस परवानगी लागंल." दुसऱ्या एका सभासदाला वाटलं, सुरेश भटांच्या गझला आहेत, ते लगेच तयार झाले आणि खुलासा ऐकून तितक्याच लगेच मावळले. शेवटी ठराव झाला: 'सदर संगीत स्थानिक श्रोत्यांना कळण्यासारखे नसल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे.'

आता माझं भांडण आहे ते या 'कळण्यासारखे' शब्दाशी.

लग्नात गुरुजी जे म्हणतात त्यातलं किती कळतं हो आपल्याला? तरी मुलगी निघताना रडतोच. आमच्या बँकेच्या कर्जरोख्यावरच्या अटी तर मलाही कळत नाहीत, आणि खाली सही मात्र लोक हसतमुखाने करतात. घर तारण ठेवताना जे विचारायचं नाही, ते अर्धा तास चेलो ऐकताना का विचारायचं?

बरं, ज्यांना कळायला हवं होतं त्यांची गोष्ट ऐका. हा कॉन्चेर्टो लंडनमध्ये पहिल्यांदा वाजला 27 ऑक्टोबर 1919 रोजी. त्या दिवशीचे दुसरे कंडक्टर आपल्याच तुकड्यांच्या तालमीत रमले, एल्गारच्या वाट्याला तालमीचा वेळ उरला नाही, आणि कार्यक्रम पार पडला, म्हणजे पडलाच. ती सगळी लंडनची जाणकार मंडळी! चेलोवाल्यांच्या रांगेत त्या दिवशी एकोणीस वर्षांचा एक पोरगा बसला होता. तोच हा बार्बिरोली. बाप इटालियन, आई फ्रेंच. पुढे त्याच्याच हाताखाली, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, आपल्या मुंबईचे मेहली मेहता व्हायोलिन वाजवत होते. झुबिन मेहतांचे वडील. मुंबईचा माणूस मँचेस्टरात जाऊन वाजवू शकतो, आणि रेणापूरच्या माणसाने नुसतं ऐकायचं तर ठराव!

एल्गारकडे तरी कुठला दाखला होता? बाप वूस्टर गावात वाद्यांचं दुकान चालवणारा. पोरगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून वकिलाच्या कचेरीत कारकून झाला. कारकून! (हे वाचलं त्या दिवशी मी सौभाग्यवतींना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.) संगीत तो बहुतेक आपलं आपणच शिकला.

एका सभासदाने मात्र वर्मी घाव घातला. म्हणाले, "हा तर साम्राज्याचा भाट. दिल्ली दरबाराच्या कौतुकाचंही संगीत यानेच केलंय." खरं आहे. 1911 च्या दरबारावर 1912 मध्ये लंडनला एक खेळ झाला, त्याचं संगीत एल्गारचं. ही नोंद खोडायची नाही, नावेच लिहायची. पण त्या दरबाराला आमचे तेव्हाचे मालक निजामसाहेबही हजर होतेच की. आणि 1919 चं खातं वेगळं आहे. महायुद्धाने लाखो तरुण खाल्ले होते, एल्गार साठी ओलांडलेला, बायको खंगत चाललेली. ती पुढच्याच वर्षी गेली. या खात्यात कुठे जयजयकार सापडत नाही. सापडला तर मी तबकडी त्या सभासदांच्या दारात नेऊन फोडतो.

आणि ती द्यू प्रे. जन्म 1945 चा. एल्गार तिच्या जन्माआधी अकरा वर्षं वारलेला. 1914 चं युद्ध तिने पाहिलं नाही, म्हातारपण पाहिलं नाही. तबकडी भरली तेव्हा पोरगी वीस वर्षांची. तिच्याकडे कळल्याचा कुठला कागद होता?

आई गेल्यापासून आमचे आण्णा भजनाला जात नाहीत. चाळीस वर्षं टाळ धरलेला माणूस. टाळ खुंटीला आहे. संस्थेचा ठराव आला त्या संध्याकाळी मी रागारागाने तबकडी घरातच लावली. आण्णा आतून येऊन पाटावर बसले. व्होल्टेज पडलं की आमच्याकडे तबकडी मंदावते आणि चेलो आजारी माणसासारखा कण्हतो. त्या दिवशी नशिबाने वीज टिकली.

तिसरा तुकडा संपल्यावर आण्णा म्हणाले, "जाडी सारंगी हाय का रे? कोण वाजवायलंय?"

"एक मुलगी आहे, आण्णा. वीस वर्षांची."

"हिचं कोण गेलंय?"

मी सांगितलं, तिचं कुणी नाही, लिहिणाऱ्याचं. आणि पुढचंही सांगितलं: असा आजार जडला की बोटांना तारा कळेनात, अठ्ठाविसाव्या वर्षी वाजवणं सुटलं, आणि 1987 साली बेचाळिसाव्या वर्षी गेली. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव."

आता संस्थेचं सभागृह नको. येत्या रविवारी सात वाजता आमच्याच घरी लावणार आहे. बसायला सतरंजी आहे, चहा आहे. चिटणीसांनाही बोलावलंय. लाईट गेली तर येईपर्यंत थांबू. आण्णा म्हणालेत, तोवर टाळ काढतो.